डोंगरावर ठेवलेला डोळा

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात ग्रिन्डेलवाल्ड नावाचे एक गाव आहे. गाव कसले, मोठेसे खेडेच म्हणा ना! वस्ती चार हजारांच्या आतली. उंची समुद्रसपाटीपासून १,०३४ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही कमी. उतरत्या छपरांची लाकडी घरे, वळचणीला रचून ठेवलेले जळण, गायींची कुरणे, एक चर्च, एक रेल्वे स्टेशन आणि पुष्कळशी हॉटेले. परंतु दक्षिणेकडे मान वर करून पाहिले, की महाबळेश्वराची आठवण तिथेच संपते. तिकडे आयगर नावाचा ३,९६७ मीटर उंचीचा डोंगर भिंतीसारखा सरळ उभा आहे. त्याचा एकटा उत्तरकडाच सुमारे १,८०० मीटरांचा. गाव त्या कड्याच्या पायथ्याशी, जणू किल्ल्याच्या तटाखाली पेठ वसावी तसे वसलेले आहे.

मी या गावी कधी गेलेलो नाही. तरीसुद्धा तेथे धुके आहे की ऊन आहे, बर्फ किती पडले आहे, स्टेशनाबाहेर माणसे उभी आहेत की नाहीत, हे मला घरी बसून कळते. तुम्हालाही कळेल. गावात, गावावरच्या उतारांवर, आगगाडीच्या स्टेशनांवर आणि दोराच्या पाळण्यांच्या टोकांशी तेथे कॅमेरे बसवलेले आहेत. वेबकॅम म्हणतात ते हेच. काही कॅमेरे अखंड चालते दृश्य पाठवतात, काही ठरावीक मिनिटांनी एकेक चित्र काढतात, तर काही आपल्या जागी सावकाश फिरून चहूकडचा देखावा दाखवतात. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेबारा होतात, तेव्हा तेथे सकाळचे आठ वाजलेले असतात. आपण जेवणाच्या ताटाकडे वळत असतो, आणि तेथे निळसर उजेडात पहिली आगगाडी वर निघालेली दिसते. कधी खालच्या खोऱ्यात धुके भरून राहते आणि वरचा कॅमेरा त्या धुक्याच्या पांढऱ्या समुद्रावर तरंगणारी शिखरे दाखवतो. मौज आहे खरी!

आता तुम्ही म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला या मौजेशी काय कर्तव्य? आहे. या एका गावाकडे परकी माणसे गेली जवळजवळ चारशे वर्षे टक लावून पाहत आली आहेत. पाहण्याची साधने बदलली, पाहणारे बदलले. आणि नुसत्या गमतीने पाहणाऱ्यांच्या पदरात अखेर काय पडले, याची हकिकत मोठी शिकण्यासारखी आहे. ती आज सांगायची आहे.

आधी या कॅमेऱ्याची कुळकथा पाहू. तिचा उगम डोंगरात नाही, कॉफीच्या भांड्यात आहे! इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत सर्वांना मिळून कॉफीचे एकच यंत्र होते. जिने ओलांडून यावे आणि भांडे रिकामे सापडावे, हा नित्याचा अनुभव. तेव्हा १९९१ साली तेथील काही संशोधकांनी भांड्यासमोर एक कॅमेरा ठेवला आणि त्याचे चित्र आपापल्या टेबलावरच्या संगणकावर दिसेल अशी व्यवस्था केली. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेले, आणि सगळ्या जगातून लोक एका अनोळखी खोलीतले कॉफीचे भांडे पाहू लागले. २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. तोपर्यंत युक्ती सर्वत्र पसरली होती.

आल्प्सच्या खेड्यांनी ती तत्काळ उचलली, कारण त्यांची गरज केंब्रिजच्या मंडळींसारखीच होती. भांड्यात कॉफी आहे काय, हा तिकडचा प्रश्न. उतारावर बर्फ आहे काय, हा इकडचा! पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा जो खेळ, ज्याला स्की म्हणतात, त्यासाठी माणूस शेकडो मैलांवरून येतो, भरपूर पैसे मोजतो. त्याला हॉटेलवाल्याच्या शब्दापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले बर्फ हवे असते. टेलिव्हिजनवर तर जर्मन भाषेतील वाहिन्या सकाळच्या वेळी आल्प्सच्या निरनिराळ्या शिखरांवरील कॅमेऱ्यांची दृश्ये, लोकसंगीताची साथ देऊन, दाखवतात. म्हणजे डोळा डोंगरावर बसला तो व्यापाराच्या निमित्ताने. यात वाईट काही नाही. डोंगरी माणसालाही पोट आहे.

परंतु ग्रिन्डेलवाल्डकडे पाहणारा हा पहिला डोळा नव्हे. मागे जाऊ या.

आज त्या गावाची ख्याती आयगरमुळे आहे. पूर्वी ती दुसऱ्याच गोष्टीमुळे होती. गावाच्या डोक्यावर दोन हिमनद्या आहेत, एक वरची आणि एक खालची. हिमनदी म्हणजे डोंगरातल्या बर्फाचा स्वतःच्या भाराने इंचाइंचाने खाली सरकणारा लोंढा. वर बर्फ जास्त पडले की तिची जीभ लांबते, खाली ऊन वाढले की आखडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात थंडीचा एक दीर्घ काळ आला. १६०० सालच्या सुमारास ग्रिन्डेलवाल्डची खालची हिमनदी इतकी पुढे आली, की तिच्या वाटेतली घरे आणि कोठारे लोकांना सोडावी लागली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते अरिष्टच होते. बांधाला लागून बर्फाची भिंत उभी राहिलेली आणि ती पुढे सरकते आहे, या कल्पनेनेच आपल्याकडच्या माणसाला कापरे भरेल.

शहरातल्या माणसाला मात्र त्याच गोष्टीचे नवल वाटले. मॅथेउस मेरियन या नामांकित चित्रकार-प्रकाशकाने १६४२ साली स्वित्झर्लंडच्या स्थळांचे एक सचित्र पुस्तक काढले. त्यात ग्रिन्डेलवाल्डच्या खालच्या हिमनदीचे ताम्रपटावरून छापलेले चित्र आहे. योझेफ प्लेप नावाच्या चित्रकाराच्या रेखाटनावरून ते केलेले होते. बर्फाचे सुळके, शेजारी घरे, आणि तो देखावा पाहायला आलेली चिमुकली माणसे. घरबसल्या दूरचा डोंगर पाहण्याची सोय त्या चित्राने केली. आजच्या कॅमेऱ्याचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

पुढे अठराव्या शतकात निसर्ग पाहण्याची हौस युरोपात फारच वाढली. बर्नमधील आब्राहाम वाग्नर नावाच्या प्रकाशकाने कास्पर वोल्फ या चित्रकाराला हाताशी धरले आणि १७७० नंतरच्या दशकात आल्प्समधील देखाव्यांची चित्रे काढवून घेतली. वोल्फ स्वतः डोंगरात जाऊन समोर बसून रेखाटने करीत असे. त्याने ग्रिन्डेलवाल्डच्या हिमनद्याही रंगवल्या. १८१६ साली कवी बायरन या भागात येऊन हिमनदी पाहून गेला. १८५५ च्या सुमारास पॅरिसचे बिसाँ बंधू आपला अवजड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन आले आणि त्यांनी छायाचित्रे घेतली. त्या वेळी खालची हिमनदी खोऱ्यात इतकी उतरलेली होती, की तिचे टोक हजार मीटरांच्याही खाली, गावाच्या शिवारात आले होते. 'हिमनदीचे गाव' हेच ग्रिन्डेलवाल्डचे टोपणनाव पडले होते.

या मंडळींपैकी कोणालाही आपण विज्ञानासाठी काही करतो आहोत असे वाटले नसेल. चित्रे विकली जावीत, दिवाणखान्यात लागावीत, एवढाच हेतू. पण पुढे काय झाले पाहा. बर्न विद्यापीठातील हाइन्त्स त्सुम्ब्यूल या संशोधकाने ही जुनी चित्रे, रेखाटने, छायाचित्रे आणि लेख शेकड्यांनी गोळा केले. कोणते चित्र कोठे उभे राहून काढले, चित्रातला अमुक खडक आज कोठे आहे, हे एकेक करून त्याने ताडून पाहिले. त्यावरून हिमनदी कोणत्या साली कोठवर आली होती याचा आलेख त्याने १९८० साली प्रसिद्ध केला. पृथ्वीवरील फार थोड्या हिमनद्यांचा इतका दीर्घ आणि इतका बारकाईचा इतिहास उपलब्ध आहे. दिवाणखान्यातल्या चित्रांनी साक्ष दिली, आणि ती न्यायालयात टिकणाऱ्या साक्षीइतकी पक्की ठरली!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पाहणाऱ्यांची एक नवी जात आली. तिला खालून पाहून समाधान होईना. वर चढायचे होते. १८५४ साली आल्फ्रेड विल्स हा इंग्रज गृहस्थ ग्रिन्डेलवाल्डहून निघून वेटरहोर्नच्या शिखरावर गेला. इंग्रजांच्या आल्प्स-मोहिमांचे सुवर्णयुग तेथून सुरू झाले असे मानतात. आयगरचे शिखर १८५८ च्या ऑगस्टात चार्ल्स बॅरिंग्टन या आयरिश गृहस्थाने क्रिस्टियान आल्मर आणि पेटर बोरेन या दोन स्थानिक वाटाड्यांच्या सोबतीने गाठले. साहेबाचे नाव पुस्तकात मोठ्या अक्षरात, वाटाड्याचे बारीक, हा प्रकार हिमालयापुरताच आहे असे कोणी समजू नये!

पाठोपाठ आगगाडी आली. १८९० साली रूळ ग्रिन्डेलवाल्डपर्यंत पोचले. १८९३ मध्ये दातेरी रुळांची गाडी क्लायने शायडेग या खिंडीवरून पलीकडे जाऊ लागली. त्याच साली आडोल्फ गुयर-त्सेलर नावाच्या झूरिकच्या उद्योगपतीच्या मनात एक अचाट कल्पना आली : खुद्द आयगरच्या पोटातून बोगदा खणायचा आणि गाडी थेट युंगफ्राउच्या खांद्यावर न्यायची. १८९६ मध्ये काम सुरू झाले. गुयर-त्सेलर १८९९ साली वारला, काम मात्र चालू राहिले, आणि १ ऑगस्ट १९१२ रोजी ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउजोखला गाडी पोचली. वाटेत, १९०३ साली, बोगद्यातून उत्तरकड्याला खिडक्या पाडून एक स्टेशन केले होते. गाडी थांबायची, उतारू उतरायचे, काचेतून त्या भयंकर कड्याच्या मधोमध उभे राहून खाली पाहायचे आणि परत डब्यात जाऊन बसायचे. डोंगराच्या पोटात बसून डोंगर पाहण्याची ही व्यवस्था! या खिडक्यांची आठवण ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हे सारे उन्हाळ्याचे झाले. हिवाळा म्हणजे त्या लोकांच्या लेखी दार लावून बसण्याचा काळ. बर्फ म्हणजे अडलेली वाट, दबलेले छप्पर आणि हिमलोटाची धास्ती. १८८८ साली गावातल्या 'अस्वल' नावाच्या हॉटेलाने हिवाळ्यात पाहुणे घेतले आणि ग्रिन्डेलवाल्डचा हिवाळी हंगाम सुरू झाला. या नव्या धंद्याशी आपल्या देशाचा थोडासा धागा जुळलेला आहे. हेन्री लन हा मेथडिस्ट मिशनरी काही काळ हिंदुस्थानात काम करीत होता. १८८८ मध्ये मद्रासला त्याला मुलगा झाला, त्याचे नाव आर्नल्ड. पुढे इंग्लंडात परतल्यावर हेन्री लनने १८९२ साली निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या धर्मगुरूंची एक परिषद भरवली ती याच ग्रिन्डेलवाल्डला. आणि लोकांची ने-आण करता करता तो प्रवासाच्या धंद्यातच शिरला. मद्रासला जन्मलेल्या आर्नल्डने १९२२ साली शेजारच्या म्युरेन गावी वळणावळणाच्या आधुनिक स्लालम शर्यतीचा पाया घातला. तिथल्या प्रसिद्ध स्की-क्लबाचे नाव आहे 'कंदाहार'. फील्ड मार्शल रॉबर्ट्स हा कंदाहारचा लॉर्ड, जन्म कानपूरचा. त्याच्या नावाचा चषक एका शर्यतीला होता, त्याच्यावरून ते पडले. अफगाण युद्धातले नाव आल्प्सच्या बर्फात जाऊन रुजले!

तर अशा रीतीने जे बर्फ संकट होते, ते पीक झाले. गावाची भाकरी त्यावर भाजू लागली.

आता या हकिकतीचा काळा भाग. क्लायने शायडेगच्या खिंडीत हॉटेले आहेत, आणि त्यांच्या अंगणातून आयगरचा उत्तरकडा अगदी समोर दिसतो. तेथे दुर्बिणी मांडलेल्या असत. १९३० नंतर तरुण गिर्यारोहकांना त्या कड्याचे वेड लागले. १९३५ साली दोन जर्मन तरुण वर गेले आणि गोठून मेले. १९३६ च्या जुलैत चौघे निघाले : टोनी कुर्त्स आणि आन्द्रेआस हिन्टरश्टॉयसर हे दोघे बव्हेरियाचे, एडी राइनर आणि व्हिली आंगेरर हे दोघे ऑस्ट्रियाचे. एका गुळगुळीत शिळेवरून हिन्टरश्टॉयसर मोठ्या कौशल्याने आडवा पार गेला, बाकीचे त्याच्या दोराला धरून गेले, आणि मग त्यांनी तो दोर ओढून घेतला. परतीची वाट तेथेच तुटली. वर आंगेररच्या डोक्याला दगड लागला, हवा बिघडली, चौघांनी माघार घेतली. पण त्या शिळेवरून परत येता येईना. सरळ खाली दोर सोडून उतरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

खाली दुर्बिणींभोवती गर्दी. वर्तमानपत्रांचे बातमीदार, सहलीला आलेली कुटुंबे. ढग आले की चुटपुट, ढग सरले की पुन्हा डोळा दुर्बिणीला. २१ जुलै रोजी बोगद्यातला आल्बर्ट फॉन आल्मेन नावाचा रेल्वेचा पहारेकरी कड्यात उघडणाऱ्या दारातून डोकावला आणि त्याने हाक घातली. वरून उत्तर आले, सारे ठीक आहे. तो आनंदाने आत गेला आणि पोरांसाठी चहाचे आधण ठेवले. बराच वेळ कोणी आले नाही म्हणून तो पुन्हा बाहेर आला, तेव्हा एकच आवाज मदतीसाठी ओरडत होता. मधल्या वेळात हिमलोट येऊन तिघे गेले होते. एकटा टोनी कुर्त्स दोराला लोंबकळत होता.

वाटाडे त्या बोगद्याच्या वाटेनेच बाहेर आले, पण त्या संध्याकाळी त्यांना त्याच्यापर्यंत पोचता आले नाही. रात्रभर तो तसाच. सकाळी एक हात गोठून लाकूड झालेला. दुसऱ्या हाताने आणि दातांनी त्याने दोराचे पीळ उलगडले, ते जोडून लांब केले, खाली सोडले, वाटाड्यांनी बांधलेला दोर वर ओढून घेतला. तो दोर आखूड पडला, म्हणून वाटाड्यांनी त्याला दुसरा जोडला होता. कुर्त्स उतरू लागला. त्या दोन दोरांची गाठ त्याच्या कमरेच्या लोखंडी कडीत अडकली. खाली उभ्या असलेल्या माणसांपासून तो केवळ काही हात वर होता. गाठ सुटेना. तेथेच त्याने प्राण सोडला. वय तेवीस.

दोन वर्षांनी, १९३८ च्या जुलैत, चार जणांनी तो कडा पार केला : हेकमायर, फ्योर्ग, कास्पारेक आणि हाइन्रिख हारर. यांतला हारर पुढे नंगा पर्बतच्या मोहिमेवर आला, १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने त्याला पकडले. त्याला प्रथम ठेवले होते कोठे, तर आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला! तेथून देहरादूनच्या छावणीत रवानगी झाली, आणि १९४४ मध्ये तो तेथून निसटून तिबेटात गेला. ज्याच्याकडे साऱ्या युरोपने दुर्बिणीतून पाहिले, तो माणूस नगरला तारेच्या कुंपणाआड बसून होता, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक असते.

परंतु दुर्बिणींचा किस्सा तेथे संपला नाही. १९५७ च्या ऑगस्टात दोन इटालियन आणि दोन जर्मन कड्यावर अडकले. या वेळी अनेक देशांचे गिर्यारोहक शिखरावर जमले. त्यांनी पोलादी तार आणि रहाट वर नेला, आणि म्युनिकचा आल्फ्रेड हेलेपार्ट त्या तारेवरून शेकडो मीटर खाली उतरून क्लाउडिओ कोर्तीला पाठुंगळी घेऊन वर आला. कोर्तीचा सोबती स्टेफानो लोंगी मात्र हवा बिघडल्यामुळे तेथेच राहिला, आणि मेला. त्याचे प्रेत दोराला लटकत कड्यावर राहिले. १९५९ मध्ये ते काढले गेले. तोवर, जवळजवळ दोन वर्षे, खाली येणारे प्रवासी दुर्बिणीला डोळा लावून ते प्रेत पाहत असत.

श्रोतेहो, पाहण्याची हीही एक पायरी आहे, आणि ती सांगताना जीभ जड होते. हे लोक दुष्ट नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच असतील. दूरवरचे माणूस काचेतून दिसू लागले, की ते माणूस न राहता देखावा होते, एवढेच त्याचे कारण. आज घराघरांत ती काच आली आहे. म्हणून ही गोष्ट विसरू नये.

आता पुन्हा आजच्या कॅमेऱ्यांकडे येऊ. तो डोळा बर्फ दाखवायला बसवला होता. तो आता काय दाखवतो? ज्या खालच्या हिमनदीचे टोक १८५५ साली गावाच्या शिवारात होते, ती आज गावातून दिसतच नाही. ती खोल घळीतून मागे मागे सरकत गेली, आणि जेथे बर्फ होते तेथे उघडे खडक राहिले. बर्फाचा आधार गेला की दोन्ही बाजूंचे डोंगर सैल पडतात. २००५ साली हिमनदीकाठच्या मातीचा बांध ढासळला आणि श्टीरेग नावाची डोंगरावरची जुनी खानावळ सोडून द्यावी लागली. १३ जुलै २००६ रोजी आयगरच्या पूर्वेकडचा पाच लाख घनमीटरांहून अधिक खडक सुटून खाली हिमनदीवर कोसळला. हिमनदीवर वितळलेल्या पाण्याचे तळे साचू लागले. ३० मे २००८ रोजी ते फुटून खोऱ्यात पूर आला. पुढे त्या तळ्याचे पाणी काढून देण्यासाठी डोंगरातून सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा खणावा लागला. शंभर वर्षांपूर्वी तेथे बोगदा खणला तो देखावा पाहण्यासाठी. हा खणला जीव वाचवण्यासाठी.

साऱ्या स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून आपल्या बर्फाचा सुमारे दशांश भाग गमावला. याच बर्न प्रांतात आडेलबोडेन नावाचे गाव आहे. तेथे जानेवारी २०२३ मध्ये जागतिक दर्जाची स्की-शर्यत झाली. यंत्राने पाडलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना हिरवे-तपकिरी गवत, असा तो देखावा होता. कॅमेरा भिडस्त नसतो. ज्याने बर्फ दाखवायला त्याला बसवले, त्यालाच तो गवत दाखवतो.

हे ऐकून मन खिन्न होते. पण गोष्टीला आणखी एक वळण आहे, आणि ते अलीकडचेच आहे. युंगफ्राउजोखच्या पलीकडे, डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला ल्योट्शेनटाल नावाचे खोरे आहे. त्यात ब्लाटेन हे जुन्या लाकडी घरांचे गाव होते. मे २०२५ मध्ये गावावरच्या एका शिखराचा खडक सुटू लागला आणि खालच्या बिर्श हिमनदीवर त्याचा भार साचू लागला. जाणकारांनी कॅमेरे आणि रडार त्या उतारावर रोखले. डोंगर दिवसागणिक किती सरकतो, याचे माप निघू लागले. १९ मे रोजी हुकूम सुटला, आणि सुमारे तीनशे माणसांनी गाव सोडले. गुरेही हलवली. नऊ दिवस गाव रिकामे उभे होते. २८ मे रोजी दुपारी हिमनदी आणि तिच्यावरचा सारा खडक एकदम खाली आला. काही क्षणांत गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग मातीखाली गेला, नदीही अडली. तो क्षण कॅमेऱ्यांनी टिपला, आणि तो साऱ्या जगाने पाहिला.

एक माणूस दगावला. तेही दुःखच. परंतु तीनशे माणसे वाचली, कारण कोणीतरी त्या डोंगराकडे नुसते पाहत नव्हते, तर लक्ष ठेवून होते. आपल्या मराठीत 'पाहणे' आणि 'पाहारा' हे शब्द कानाला एकमेकांचे शेजारी वाटतात. त्यांच्यामधले अंतर किती, हे ब्लाटेनच्या लोकांना विचारावे. त्यांची घरे गेली, पण ती गेली तेव्हा आत कोणी नव्हते.

१९३६ सालच्या दुर्बिणी आणि २०२५ सालचे कॅमेरे यांत यंत्र म्हणून फरक आहेच. पण तेवढाच फरक असता तर काम झाले नसते. दुर्बिणीमागचा माणूस काय होते ते पाहत होता. कॅमेऱ्यामागचा माणूस काय होईल याचा हिशेब करीत होता, आणि त्याचा हिशेब ऐकून घर सोडायला लोक तयार होते. ऐकणारे नसतील तर पाहणाऱ्याचा उपयोग काय?

शेवटी इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. मेरियनचे चित्र कागदावर होते म्हणून ते टिकले, आणि त्याने तीन शतकांहून अधिक काळानंतर साक्ष दिली. वेबकॅमचे चित्र तसे नाही. काही ठिकाणी जुनी चित्रे दिवसवार लावून जपतात. पण पुष्कळ ठिकाणी नवे चित्र आले की जुने पुसले जाते. म्हणजे मानवाने आजवर डोंगराकडे जितके पाहिले नसेल तितके आज आपण पाहतो आहोत, आणि त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत नाहीसे होते. प्लेपने एकदा बसून रेखाटले ते उरले. आम्ही रात्रंदिवस पाहिले त्यातले किती उरेल? उद्याचा एखादा त्सुम्ब्यूल आपल्या काळातली हिमनदी शोधायला निघेल, तेव्हा त्याच्या हाती काही लागावे, अशी व्यवस्था ज्यांच्याकडे हे कॅमेरे आहेत त्यांनी केली पाहिजे. काही जण ती करीत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

तेव्हा कधी सवड झाली तर ग्रिन्डेलवाल्डचा कॅमेरा जरूर उघडून पाहा. ऊन असेल तर आयगरचा कडा स्पष्ट दिसेल. त्या कड्यात मधोमध, मुद्दाम शोधल्याखेरीज न दिसणाऱ्या, बोगद्याच्या खिडक्या आहेत. तेथेच कोठेतरी त्या पहारेकऱ्याने चहाचे आधण ठेवले होते. तेवढे आठवून पाहिले म्हणजे पुरे.